डिझेल एंजिनावरील प्रत्यावर्तकास बाह्य व्होल्टता-नियामकाची जोडणी

लहान नौकांच्या डिझेल एंजिनावर बसविलेल्या १२ व्होल्टच्या प्रत्यावर्तकात, म्हणजेच ऑल्टरनेटरमध्ये, व्होल्टता-नियामक बहुधा यंत्राच्या आतच असतो. एंजिन सुरू करणारी घटमाला भरण्यास तो पुरेसा होतो. परंतु दिवे, पंप, शीतपेटी यांना वीज पुरविणारी मोठी घटमाला, विशेषतः लिथियम-लोह-फॉस्फेट घटांची, भरावयाची असल्यास भारणाच्या प्रत्येक टप्प्यास योग्य ती व्होल्टता राखणारा बाह्य नियामक जोडावा लागतो. ही जोडणी चार-पाच तारांचीच असते. तथापि प्रत्येक तारेमागील तत्त्व ध्यानात न घेतल्यास उत्तम नियामकही घटमालेच्या नाशास कारण होतो.

प्रत्यावर्तकाच्या स्थाणुकातील त्रिकला गुंडाळ्यांत निर्माण होणारी वीज सहा सिलिकॉन डायोड एकदिश करतात. १९६० सालच्या क्रायस्लर व्हॅलियंट मोटारीपासून अमेरिकेत या यंत्राचा प्रसार झाला. त्यापूर्वीच्या डायनामोस नियामक, प्रवाह-मर्यादक व कटआउट अशी तीन साधने लागत. प्रत्यावर्तकात उलट प्रवाह डायोड अडवितात व गुंडाळ्यांचे प्रवर्तन प्रवाहास आपोआप मर्यादा घालते. म्हणून केवळ नियामक पुरतो. एंजिनाचा वेग सतत बदलत असल्याने हे नियमन घूर्णकाच्या क्षेत्र-गुंडाळीतील प्रवाह कमीअधिक करूनच साधावे लागते. गुंडाळीचा रोध ३ ओहम असेल, तर पूर्ण क्षेत्रप्रवाह सुमारे ४ अँपिअर होतो. नियामकातील ट्रान्झिस्टर हा प्रवाह वेगाने चालू-बंद करतो.

पहिला प्रश्न क्षेत्र-गुंडाळीच्या प्रकाराचा होय. काही यंत्रांत एक ब्रश यंत्राच्या देहास जोडलेला असून दुसऱ्यास नियामक धन बाजूने प्रवाह पुरवितो. अन्य यंत्रांत एक ब्रश धन अग्रास जोडलेला असून नियामक दुसरे टोक ऋण बाजूस जोडतो. घटमाला सोडवून ब्रश व देह, तसेच ब्रश व धन अग्र यांमधील रोध मोजल्यास प्रकार निश्चित होतो. प्रकार व नियामक विजोड असल्यास गुंडाळीच्या दोन्ही टोकांस समान व्होल्टता मिळून भारण मुळीच होत नाही. ऋण बाजूने जोडणाऱ्या नियामकाची तार चुकून धन अग्राच्या ब्रशास लागली, तर ट्रान्झिस्टर जळतो. आतील नियामकही परिपथातून पूर्णपणे काढावा. तो समांतर राहिल्यास दोहोंपैकी अधिक व्होल्टता मागणाऱ्याचाच अंमल चालतो.

दुसरा प्रश्न संवेदक तारेचा. नियामक नियंत्रित करतो ती व्होल्टता या तारेच्या टोकाशी असणारी होय, अन्यत्रची नव्हे. ही तार प्रत्यावर्तकाच्या अग्रावर जोडली, नियामक १४.२ व्होल्टवर ठेवला व जाण्यायेण्याच्या मार्गाचा एकूण रोध ०.०१ ओहम असला, तर ५० अँपिअर प्रवाहास ०.५ व्होल्टची घट होऊन घटमालेस १३.७ व्होल्टच मिळतात. परिणामी भारण अकाली मंदावते आणि एंजिन अधिक काळ चालवावे लागते. ही उणीव भरून काढण्यासाठी नियामकाची व्होल्टता वाढविणे हा उपाय नव्हे. कारण प्रवाह ओसरताच मार्गातील घट नाहीशी होते व घटमालेवर अतिभारण होते. म्हणून धन व ऋण दोन्ही संवेदक तारा घटमालेच्या अग्रांपर्यंतच न्याव्यात. धन तारेस घटमालेजवळ वितळतार हवी. मात्र ती वितळल्यास साधा नियामक व्होल्टता शून्य समजून पूर्ण क्षेत्रप्रवाह सोडतो. यास्तव संवेदन तुटताच क्षेत्र बंद करणारा नियामक निवडणे श्रेयस्कर.

तिसरा प्रश्न डिझेल एंजिनाचा विशेष आहे. पेट्रोल एंजिन थांबविण्यासाठी प्रज्वलनाची किल्ली बंद करावीच लागते. डिझेल एंजिनात ठिणगीच नसल्यामुळे ते इंधन तोडून थांबविता येते व किल्ली चालूच राहू शकते. अशा वेळी स्थिर घूर्णकातून ४ अँपिअर वाहत राहिल्यास ८ तासांत ३२ अँपिअर-तास खर्च होतात व गुंडाळी तापते. नियामकाची उत्तेजन-तार एंजिनाच्या तेलदाबाने मिटणाऱ्या स्विचमधून नेली म्हणजे हा धोका टळतो.

शेवटचा प्रश्न घटमाला अकस्मात तुटण्याचा. यंत्र पूर्ण भारावर असताना घटमाला सुटली, तर क्षेत्रातील चुंबकीय ऊर्जा तत्काळ ओसरत नाही आणि व्होल्टता एकदम उसळते. आयएसओ १६७५०-२ या मोटारवाहनविषयक मानकात १२ व्होल्टच्या प्रणालीसाठी, संरक्षण नसताना, या आघाताची कसोटी ७९ ते १०१ व्होल्टची आहे. इतक्या व्होल्टतेने डायोड व नौकेवरील इतर इलेक्ट्रॉनिक साधने निकामी होऊ शकतात. लिथियम घटमालेचा संरक्षक परिपथ अतिभारणाच्या प्रसंगी स्वतःच घटमाला तोडतो. म्हणून त्याने प्रथम नियामकास क्षेत्र बंद करण्याची सूचना द्यावी व नंतरच घटमाला विलग करावी.

सारांश, नियामक बसविण्यापूर्वी क्षेत्राचा प्रकार, संवेदनाचे स्थान, उत्तेजनाचा स्रोत व घटमाला विलग होण्याचा क्रम या चार गोष्टी निश्चित कराव्यात आणि प्रथम चाचणीत घटमालेच्या अग्रांवरच व्होल्टता मोजून पाहावी.