मधुमेहींचे हृदय आणि आमची औषध-खिडकी

मधुमेह म्हणजे रक्तातील साखर वाढणे, एवढेच बहुतेकांस ठाऊक असते. परंतु मधुमेहींना हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा सुमारे दुपटीने अधिक असतो, याची जाणीव फार थोड्यांना असते. वाढलेली साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल ही तिन्ही मिळून रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर बिघडवितात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशातील मधुमेहींची संख्या १०.१ कोटी असल्याचा अंदाज वर्तविला आहे. त्यावरून या प्रश्नाची व्याप्ती ध्यानी यावी.

यासाठीच डॉक्टर साखरेच्या गोळीसोबत गरजेनुसार रक्तदाबाची आणि चाळिशीनंतर बहुधा कोलेस्टेरॉल उतरविणारी स्टॅटिन गटातील गोळी लिहून देतात. मात्र वाढलेला रक्तदाब व कोलेस्टेरॉल बहुधा जाणवत नाहीत. ‘त्रासच नाही, तर गोळी कशाला?’ असे रुग्णास वाटते. कापसाचे चुकारे हाती येईपर्यंत घरात ओढाताण असली, की पहिली काट याच गोळ्यांवर बसते.

आम्हांस हे प्रथम उमगले ते औषधसाठ्याची नोंदवही तपासताना. एकाच चिठ्ठीवरील साखरेची गोळी दरमहा नेली जात होती. स्टॅटिन मात्र दोन-दोन महिने नेली जात नव्हती. डॉक्टरांचा समज असा, की रुग्ण सर्व औषधे घेत आहे. रक्तदाब उतरेना, म्हणजे औषधाची मात्रा वाढवावयाची, असे होण्याचा धोका होता. ही तफावत सर्वांत आधी ज्याच्या दृष्टीस पडू शकते, तो औषधनिर्माता होय.

म्हणून आमच्या खिडकीवर आता केवळ औषध मोजून दिले जात नाही. मागील खेपेची तारीख पाहून कोणती गोळी चुकली व का, हे आपुलकीने विचारले जाते. महाग वाटणाऱ्या गोळीस त्याच घटकाचे स्वस्त जेनेरिक औषध चालेल का, हे डॉक्टरांना विचारून ठरविले जाते. सांधेदुखीसाठी परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांची चौकशी होते; कारण त्यांतील अनेक गोळ्या रक्तदाब वाढवितात व मूत्रपिंडास अपाय करू शकतात. खर्रा व तंबाखू सोडण्याविषयीही बोलणे होते. औषधाची मात्रा मात्र औषधनिर्माता स्वतः बदलत नाही. शंका आल्यास तो रुग्णास डॉक्टरांकडे परत पाठवितो.

या कामास आधार आहे. कॅनडातील अल्बर्टा प्रांतात ७२३ रुग्णांवर झालेल्या व २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, औषधनिर्मात्यांनी पाठपुरावा केलेल्या गटाचा हृदयविकाराचा अनुमानित धोका तीन महिन्यांत नेहमीच्या उपचारांच्या गटापेक्षा २१ टक्क्यांनी कमी झाला. तेथील औषधनिर्मात्यांस औषध लिहून देण्याचाही अधिकार आहे. आपल्याकडे तो नाही. परंतु रुग्णास समुपदेशन करणे हे आपल्याकडेही २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीने औषधनिर्मात्याचे कर्तव्य ठरविले आहे.

रुग्णांच्या कुटुंबीयांस आमची विनंती आहे, की येताना घरातील सर्व गोळ्यांची पाकिटे, उरलेलीसुद्धा, सोबत आणावीत. मधुमेहींमध्ये हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो. अचानक धाप लागणे, दरदरून घाम फुटणे किंवा विलक्षण थकवा येणे असे काही झाल्यास वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

विश्वस्त व देणगीदारांस एवढेच निवेदन, की आपल्या दानातून सवलतीत दिलेली गोळी घरच्या फडताळात पडून राहिली, तर तो रुपया वाया जातो. ती रोज पोटात जावी, यासाठी खिडकीपाशी खर्च होणारी पाच मिनिटे हीदेखील उपचाराचाच भाग आहेत. या मनुष्यबळास आपला आधार असाच लाभत राहावा.