रात्रीची चिठ्ठी आणि प्रतिजैविके

विश्वस्त मंडळाच्या बैठकीत जमाखर्चाचे वाचन चालू असताना ‘रात्रकालीन वैद्यकीय प्रशिक्षण’ या शीर्षाखालील रकमेवर एका ज्येष्ठ विश्वस्तांनी बोट ठेवले आणि विचारले, “या पैशांत आपण नेमके काय घेतले?” प्रश्न रास्त होता. नवे यंत्र घेतले की त्याचे छायाचित्र अहवालात छापता येते, देणगीदारांच्या नावाची पाटी लावता येते. या खर्चातून मात्र भिंतीवरचा एक तक्ता, डॉक्टर व परिचारिकांची काही दुपारची सत्रे आणि गरज नसेल तेथे औषध न लिहिण्याची शिस्त, एवढेच हाती आले. त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर देणगीदार, हितचिंतक व रुग्णांचे नातेवाईक या सर्वांपुढे ठेवावे, या हेतूने हा लेख लिहीत आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने येथील वैद्यकीय मजकूर आमच्या डॉक्टरांकडून तपासून घेतला आहे.

आष्टा परिसरातील रात्रीचा बाह्यरुग्ण विभाग ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याचे स्वरूप ठाऊक आहे. रात्री उसाला पाणी पाजायला गेलेला शेतकरी थंडी भरून येतो. ऊसतोडणीच्या हंगामात खोपीवरून अंगावर तान्हे मूल घेऊन आलेली माता दारात उभी असते. सांगली-पेठ रस्त्यावरील शेवटची गाडी निघून गेलेली असते. ड्यूटीवरील डॉक्टर एकटेच, प्रयोगशाळा बंद, रुग्णाची पूर्वीची कागदपत्रे घरी राहिलेली, आणि सोबतच्या मंडळींची एकच विनंती : “डॉक्टर, जरा भारी गोळ्या द्या, सकाळी कामावर जायचे आहे.” अशा वेळी मनात शंका असलेला डॉक्टर प्रतिजैविक लिहून मोकळा होतो. त्यात त्याची बेपर्वाई नसते. उद्या हा रुग्ण पुन्हा दिसेलच याची खात्री नसल्याने तो आपल्या परीने सावधगिरी बाळगत असतो.

परंतु ही सावधगिरी पुष्कळदा फोल असते. सर्दी, साधा खोकला, फ्लू आणि बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते व प्रतिजैविके फक्त जिवाणूंवर चालतात. विषाणूच्या तापात दिलेली गोळी त्या तापाचे काहीच करीत नाही. शरीरात वस्तीला असलेल्या इतर जिवाणूंना मात्र ती गाठते. त्यांतील दुबळे मरतात, चिवट उरतात आणि वाढतात. माझ्या सासऱ्यांना काही वर्षांपूर्वी लघवीचा जंतुसंसर्ग झाला. तपासणीच्या कागदावर औषधांच्या नावांपुढे ‘आर’ हे अक्षर ओळीने छापलेले होते. ‘आर’ म्हणजे हे औषध या जंतूवर चालणार नाही. हिशेब तपासण्यात आयुष्य गेलेल्या मला तो कागद एखाद्या बुडीत खात्यांच्या यादीसारखा वाटला. त्या यादीतील दोन औषधे सासरे दर हिवाळ्यात खोकला झाला की दुकानातून आणून दोन-तीन दिवस घेत असत. शेवटी शिरेतून द्यावयाच्या औषधाने ते बरे झाले, पण आठ दिवस दाखल राहावे लागले. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात जगभर सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे थेट ओढवले.

थकवा हे आणखी एक कारण. अमेरिकेतील प्राथमिक उपचार केंद्रांमधील नोंदींचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. बाह्यरुग्ण सत्राच्या पहिल्या तासाच्या तुलनेत चौथ्या तासात, त्याच प्रकारच्या श्वसनविकारांसाठी, प्रतिजैविक लिहिले जाण्याचा कल सुमारे पाव पटीने वाढलेला आढळला. दिवसा चार तासांत ही अवस्था, तर पहाटे तीन वाजता काय होत असेल! यावर डॉक्टरांना उपदेश करून काही साधत नाही. थकलेल्या माणसाला आधार हवा असतो तो सोप्या आणि लेखी नियमाचा.

असा नियम किती प्रभावी ठरतो याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील अल्पशिक्षित आरोग्यसेवकांना आणि निरक्षर सुइणींनाही बालकांचा न्यूमोनिया ओळखण्याचे शिक्षण दिले. क्ष-किरण नाही, प्रयोगशाळा नाही, डॉक्टरही जवळ नाही. त्यांच्या हाती दिलेल्या श्वासमापकात एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी होते. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोहोचले, तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचे. एरवी खोकल्याला प्रतिजैविक नाही. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रयोगातील ५८ गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या ४४ गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी होते. ज्यांना शंभरपर्यंत आकडे मोजता येत नव्हते, त्यांनी मण्यांवर मोजून मुलांचे प्राण वाचविले. आपल्याकडे तर पदवीधर डॉक्टर आणि प्रशिक्षित परिचारिका आहेत.

म्हणून आमच्या प्रशिक्षणाचा आरंभ श्वास मोजण्यापासूनच झाला. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजावयाचे. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास ६० वा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० वा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० वा अधिक भरले, तर ते जलद समजावयाचे. दोन महिन्यांखालील आजारी बाळ आम्ही नियमाची वाट न पाहता पुढे पाठवतो. घसादुखीत खोकला नसून तीव्र ताप, टॉन्सिलवर पू व गळ्यात दुखऱ्या गाठी असतील तर प्रतिजैविकाचा विचार होतो, कारण संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा बिघडण्याचे प्रकार आपल्याकडे अद्याप संपलेले नाहीत. मुलांच्या पाण्यासारख्या जुलाबांना क्षारसंजीवनी आणि १४ दिवस झिंक. शौचातून रक्त जात असेल तर गोष्ट वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिजैविकांची सर्रास वापरावयाची, जपून वापरावयाची व राखून ठेवावयाची अशी वर्गवारी २०१७ साली केली. तिच्या आधारे आमच्या तक्त्यावर अमॉक्सिसिलिन वर आहे. रात्री सवयीने लिहिली जाणारी अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम ही औषधे दुसऱ्या गटातील असल्याने ती लिहिताना कारण नोंदवावे लागते.

येथे एक गैरसमज होऊ नये. तक्त्याचा लाल भाग नेमके उलटे सांगतो. ताप असलेला रुग्ण गुंगीत असेल, रक्तदाब उतरला असेल, धाप लागली असेल, तर पहिल्या तासातच प्रतिजैविकाचे इंजेक्शन द्यावे, रक्ताचा नमुना आधी घेता आला तर घ्यावा, आणि रुग्णवाहिका सांगली किंवा मिरजेकडे निघावी. अशा वेळी काटकसर प्राणावर बेतते.

आता थोडे माझ्या खात्याविषयी. रुग्णालयाच्या औषध दुकानाचे उत्पन्न धर्मादाय खाटांच्या खर्चाला हातभार लावते. प्रतिजैविके कमी लिहिली गेली तर ते उत्पन्न घटणार, हे मी बैठकीत स्पष्टपणे मांडले. विश्वस्तांनी ही तूट स्वीकारली, याची येथे कृतज्ञतापूर्वक नोंद करतो. कायद्याची अपेक्षाही तीच आहे. १ मार्च २०१४ पासून सेफिक्झिम, लेव्होफ्लॉक्सासिन यांसारखी अनेक औषधे ‘एच-१’ अनुसूचीत असून डॉक्टर, रुग्ण व औषधाचे प्रमाण यांची वेगळी नोंदवही तीन वर्षे जपावी लागते. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालकांनी चिठ्ठीवर प्रतिजैविकाचे कारण लिहिण्याचे आवाहन वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉक्टरांना केले. आमच्या रात्रीच्या चिठ्ठीवर आता तो रकाना छापलेला आहे. पहिल्या आठवड्यात तो बहुधा कोराच येत असे. हळूहळू भरला जाऊ लागला.

नातेवाइकांची नाराजी अजूनही होते. “तीनशे रुपये पेट्रोल जाळून आलो आणि नुसती तापाची गोळी दिली,” हे वाक्य मी स्वतः ऐकले आहे. त्यावर आमच्या परिचारिका एक छापील कागद वाचून दाखवितात : साधी घसादुखी सुमारे आठवडाभर, सर्दी दहा दिवसांपर्यंत आणि खोकला तीन आठवड्यांपर्यंत रेंगाळू शकतो. कोणत्या लक्षणांवर तत्काळ परत यावे, तेही त्यात आहे. शिवाय प्रतिजैविक न देता घरी पाठविलेल्या प्रत्येक रुग्णास हिरवी चिठ्ठी मिळते. ती दाखविल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी ९ ते ११ या वेळेत फेरतपासणी विनामूल्य होते. जे शक्यतो येऊ शकत नाहीत, त्यांना परिचारिका दूरध्वनी करून विचारपूस करतात. ज्येष्ठ विश्वस्तांनी बोट ठेवलेल्या त्या रकमेत या दूरध्वनीचा आणि हिरव्या कागदाचा खर्च समाविष्ट आहे.