पातळपणाची उधारी

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या आमच्या वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर परवा मी माझा मोबाइल ठेवला. आधी कव्हरसकट, मग उघडा. ‘काका, आता मोबाइल पण किलोवर घ्यायला लागलाय काय?’ म्हणून तो हसला, पण आकडे बघायला स्वतःही वाकला. उघडा फोन १८८ ग्रॅम, कव्हर आणि पडद्यावरच्या टेम्पर काचेसकट २३६. जाडी मोजायला उद्यमनगरात पॅटर्नचं काम करणाऱ्या भाच्याचा व्हर्निअर आणला. उघडा फोन ७.८ मिलिमीटर, कव्हरसकट ११.५.

२००७ साली आलेला पहिला आयफोन ११.६ मिलिमीटर जाड होता. मधल्या काळात जगभरच्या इंजिनिअरांनी मिलिमीटरचा दशांश दशांश तासून जी जाडी कमी केली, ती मी दीडशे रुपयांच्या रबरी कव्हराच्या रूपानं परत विकत घेतली होती. तुम्हीही बहुधा घेतली असेल. आजूबाजूला बघा, उघडा फोन वापरणारा माणूस शोधावा लागेल.

वजनाची गोष्ट तर आणखी मजेशीर आहे. मोटोरोलाच्या मार्टिन कूपर यांनी ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून हातातल्या फोनवर पहिला कॉल केला, तेव्हा ते यंत्र किलोभराहून जड होतं. दहा वर्षांनी तेच विक्रीला आलं तेव्हा सुमारे ७९० ग्रॅमचं झालं होतं आणि अर्ध्या तासाच्या बोलण्यात त्याची बॅटरी संपायची. २००० सालचा नोकिया ३३१० भरला १३३ ग्रॅम. २००३ चा नोकिया ११००, तोच तो टॉर्चवाला, अवघा ८६ ग्रॅम. इथपर्यंत वजनाचा आलेख उताराला लागलेला. मग पडदा मोठा झाला आणि आलेख पुन्हा चढणीला लागला. आज दुकानात मिळणारे बरेचसे फोन १८० ते २३० ग्रॅमच्या घरात आहेत.

हे वजन जातं कुठं? बरंचसं बॅटरीत. ५,००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-तास ऊर्जा मावते. आजच्या लिथियम बॅटऱ्या किलोमागं अडीचशे ते तीनशे वॅट-तास साठवतात, म्हणजे ही एकटी वस्तू सत्तर ग्रॅमच्या आसपास गेली. फोनच्या वजनाचा तिसरा हिस्सा तिथंच संपला. त्यावर पुढं काच, बऱ्याच फोनना मागंही काच. बॅटरी लहान करावी तर दुपारीच चार्जर शोधावा लागतो. पडदा लहान केला तर फोन खपत नाही. ॲपलनं २०२० मध्ये ‘मिनी’ काढून बघितला, दोन पिढ्यांत गुंडाळला. राहता राहिली जाडी. म्हणून कात्री तिच्यावर चालते.

आणि इथंच निसर्ग दाम वसूल करतो. एखादी पट्टी वाकायला किती विरोध करेल हे तिच्या जाडीच्या घनावर ठरतं. दहा मिलिमीटरची पट्टी सातवर आणली की जाडी तीस टक्क्यांनी घटली असं आपण म्हणतो, पण तिचा ताठपणा एकतृतीयांशावर येतो. २०१४ साली ७.१ मिलिमीटर जाडीचा आयफोन ६ प्लस काहींच्या खिशात वाकला आणि जगभर बोभाटा झाला. पुढच्या वर्षी ॲपलनं ॲल्युमिनियमचा अधिक कणखर मिश्रधातू घेतला.

भाच्याला हे सांगितलं तर त्याला काही नवल वाटलं नाही. तो म्हणाला, ‘मामा, जाडी वाढवून ताकद आणायची तर कुणीबी आणंल. फासळी कुठं द्यायची ते कळाय पायजे.’ कास्टिंगमध्ये भिंत पातळ ठेवून आतून फासळ्या उठवल्या की वजन फारसं न वाढता ताठपणा येतो. फोनच्या पोटातली धातूची चौकट हेच काम करते. धातूचं गणितही त्यालाच विचारावं असं आहे. पोलाद घनसेंटिमीटरला सुमारे ७.९ ग्रॅम, टायटॅनियम साडेचार, ॲल्युमिनियम २.७. ॲपलनं २०२३ मध्ये पोलाद सोडून टायटॅनियम धरलं आणि प्रो फोन २०६ वरून १८७ ग्रॅमवर आला. दोनच वर्षांत तो ॲल्युमिनियमकडं वळला, कारण टायटॅनियम उष्णता नीट वाहून नेत नाही. एका बाजूनं ताणलं की दुसऱ्या बाजूनं आखडतंच.

ही ओढाताण बघायची तर कॅलिफोर्निया कशाला, शाहूपुरीतली कुंभार गल्ली पुरे. शाडूची मूर्ती जाड लागते, म्हणून जड होते, आणि तरीही वाहतुकीत बोटं नाहीतर कान दुखावतात. प्लास्टरची मूर्ती आतून पोकळ, भिंत पातळ, उचलायला हलकी. ती टिकते कशावर? प्लास्टरमध्ये घातलेल्या काथ्यावर. प्लास्टर स्वतः ठिसूळ असतं, पण तडा पुढं पळू लागला की काथ्याचे धागे त्याची वाट अडवतात. काही फोनच्या प्लास्टिक चौकटीत काचेचे बारीक तंतू मिसळलेले असतात, त्यामागं हेच तत्त्व आहे. (विसर्जनाच्या पाण्याचं काय, हा वाद वेगळा आणि खरा आहे, पण तो आजचा विषय नाही.)

आता पडण्याकडं येऊ. एक मीटरवरून निसटलेला फोन जमिनीला टेकताना ताशी सोळा किलोमीटरच्या वेगात असतो. ऊर्जा फार नसते, दोन ज्यूलहूनही कमी. घात करतो तो थांबण्याचा वेळ. शहाबादी फरशीवर उघडा फोन समजा एका मिलिसेकंदात थांबला, तर त्याच्यावर सरासरी ८५ किलो वजनाएवढा दाब येतो. रबरी कव्हरानं तोच वेळ तीन मिलिसेकंद केला, तर कव्हराचं जादा वजन धरूनही तो पस्तीसेक किलोवर उतरतो. कव्हराची करामत एवढीच.

जुन्या नोकियाकडं ही सोय अंगचीच होती. पडला की मागचं झाकण एकीकडं, बॅटरी दुसरीकडं, आणि आपण कॉटखाली वाकून तुकडे गोळा करायचो. तेव्हा आपल्याला वाटायचं फोन फुटला. खरं तर त्या उधळण्यातच धक्क्याची बरीचशी ऊर्जा खर्च व्हायची आणि आतला बोर्ड सुखरूप राहायचा. पडदाही काडेपेटीएवढा आणि प्लास्टिकच्या खिडकीआड. आजचा फोन गोंदानं असा बंदिस्त असतो की त्याला सांडायला काही उरलेलंच नाही. मग काच जाते.

तीही साधी काच नसते. वितळलेल्या पोटॅशियमच्या क्षारात सुमारे ४०० अंश सेल्सिअसला ती बुडवून ठेवतात. काचेतले सोडियमचे छोटे आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन घुसतात. पाच जणांच्या बाकावर सहा जण बसवावेत तसा काचेचा पृष्ठभाग दाटीनं आवळला जातो. तडा पडायला काच ताणली जावी लागते, आणि हा आवळ तो ताण आधीच खाऊन टाकतो. मात्र पृष्ठभागावर ओरखडा असेल तर सगळा ताण त्याच्या टोकाशी गोळा होतो. ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज इंजिनिअरनं शंभर वर्षांपूर्वी हे दाखवून दिलं. ओरखडे खिशातल्या किल्ल्यांनी पडतात असा समज आहे. पण किल्लीचा धातू काचेहून मऊ असतो. खरा चोर खिशातली वाळू, कारण तिच्यातलं क्वार्ट्झ काचेहून कठीण.

गेल्या पावसाळ्यात माझा फोन पायरीवरून घरंगळला तेव्हा दुरुस्तीवाल्या पोरानं एका वाक्यात निदान केलं होतं. ‘काका, मोबाइल पडतोय म्हणून फुटत न्हाई, कोपऱ्यावर पडतोय म्हणून फुटतोय.’ सपाट पडला तर धक्का सगळ्या अंगावर वाटला जातो, कोपऱ्यावर पडला तर टिचभर जागेवर. फोल्डरचा, म्हणजे काचेसह अख्ख्या पडद्याचा जो भाव त्यानं सांगितला, तो इथं लिहवत नाही.

त्या भावात गोंदाचाही वाटा आहे. पाणी आत जाऊ नये म्हणून फोन सील करतात, आणि तेच सील दुरुस्तीच्या वेळी गरम करून सोडवावं लागतं. फोनवरचा आयपी६८ हा शिक्का मिळतो स्वच्छ, स्थिर पाण्यात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं जे गढूळ पाणी कुंभार गल्लीत शिरलं, त्याची परीक्षा कुणी प्रयोगशाळेत घेत नाही. शिवाय सील वयानुसार सैल पडतं. आणखी एक अस्सल कोल्हापुरी धोका: बुलेटच्या हँडलला फोन अडकवणं. तीव्र थरथरीनं कॅमेऱ्याची हलती भिंगं बिघडू शकतात, असा इशारा ॲपलनंच २०२१ मध्ये दिला होता.

तरी पातळपणाचं वेड सरत नाही. २०२५ मध्ये सॅमसंगनं ५.८ मिलिमीटरचा फोन आणला, ॲपलनं ५.६ चा. सॅमसंगच्या त्या फोनची बॅटरी ३,९०० मिलिअँपिअर-तासांवर आली. माझ्या मते हा खेळ उलटा लागला आहे. नऊ-दहा मिलिमीटर जाडीचा, प्लास्टिकच्या पाठीचा, मोठ्या बॅटरीचा आणि स्क्रूनं उघडणारा फोन कुणी दिला तर मी कव्हर घेणार नाही, आणि हिशेब बरोबरीत सुटेल.

युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नव्या फोनच्या लेबलावर तो पडण्याला किती टिकतो आणि दुरुस्तीला किती सोपा आहे, याची श्रेणी छापावी लागते. आपल्याकडं तसं लेबल येईल तोवर आपली चौकशी आपणच करावी. नवा फोन घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला त्यावर कव्हर आणि टेम्पर चढवायला सांगा, मग तो हातात घ्या, शर्टाच्या खिशात टाकून वाकून बघा. आणि पैसे मोजण्याआधी एकदा विचारा, फोल्डर केवढ्याला पडतो.