बारा मोठे की आठ?

बारा आणि आठ यांतली मोठी संख्या कोणती, असे विचारले तर पहिलीतले मूलही अचूक उत्तर देईल. पण संगणकाच्या दुकानात हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आमच्या एका विद्यार्थ्याला ग्राफिक्स कार्ड घ्यायचे होते. एका कार्डावर '१२ जीबी' असे छापलेले होते, दुसऱ्यावर '८ जीबी'. आणि किंमत मात्र आठवाल्याची जास्त! "सर, माल कमी आणि पैसे जास्त, हे कसे?" त्याने विचारले. घरच्यांनी काटकसर करून साठवलेले पैसे त्याला खर्चायचे होते. तेव्हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नव्हता.

ही दोन्ही कार्डे एन्व्हिडिया कंपनीची. आठवाले 'आरटीएक्स ३०६० टीआय' डिसेंबर २०२० मध्ये बाजारात आले. बारावाले 'आरटीएक्स ३०६०' फेब्रुवारी २०२१ मध्ये. अमेरिकेत त्यांच्या किमती अनुक्रमे ३९९ आणि ३२९ डॉलर जाहीर झाल्या होत्या. त्यांच्यानंतर नव्या पिढीची कार्डे आली आहेत. पण तुलना कशी करावी हे शिकण्यास ही जोडी फार चांगली आहे.

हजारो हातांचे काम

प्रथम ग्राफिक्स कार्ड करते काय ते पाहू. पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. नेहमीच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके असतात. चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने काढायचे, तर दर सेकंदाला १२ कोटींहून अधिक ठिपक्यांचे रंग ठरवावे लागतात, आणि प्रत्येक ठिपक्यामागे बेरजा-गुणाकारांची रास असते!

सुदैवाने एका ठिपक्याचा हिशेब बहुधा शेजारच्या ठिपक्यासाठी अडून राहत नाही. त्यामुळे काम वाटून देता येते. दहावीच्या लाखो उत्तरपत्रिका एकट्या विद्वानाकडे न देता हजारो शिक्षकांत वाटतात, तसेच हे. कार्डावरच्या चिपमध्ये असे हजारो छोटे गणक एकाच वेळी राबत असतात. त्यांना 'कोअर' म्हणतात. घड्याळाच्या एका ठोक्यात प्रत्येक कोअर एक गुणाकार आणि एक बेरीज, अशा दोन क्रिया करू शकतो.

३०६० मध्ये ३५८४ कोअर आहेत आणि कमाल जाहीर वेग १.७८ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १७८ कोटी ठोके. टीआयमध्ये कोअर ४८६४ आणि ठोके १६७ कोटी. आता गुणाकार करू :

३०६० : ३५८४ × २ × १७८ कोटी = सुमारे १२.८ लाख कोटी क्रिया
३०६० टीआय : ४८६४ × २ × १६७ कोटी = सुमारे १६.२ लाख कोटी क्रिया

ठोक्यांचा वेग ३०६० चाच अधिक आहे, हे ध्यानात घ्या. पण टीआयकडे काम करणारे हात पुष्कळ जास्त, म्हणून ते सुमारे २७ टक्क्यांनी पुढे जाते.

टाकी आणि नळ

मग ते १२ आणि ८ जीबी कशाचे? ते आहे कार्डावरच्या स्मृतीचे, म्हणजे मेमरीचे माप. तिला गच्चीवरची पाण्याची टाकी समजा. टाकी मोठी असली म्हणून बादली लवकर भरत नाही. ते नळाच्या रुंदीवर आणि पाण्याच्या वेगावर अवलंबून असते. येथेही तसेच आहे. ३०६० मध्ये स्मृतीपासून चिपपर्यंत माहिती नेणाऱ्या १९२ वाहिन्या आहेत. प्रत्येक वाहिनीतून सेकंदाला १५ अब्ज बिट जातात. टीआयमध्ये वाहिन्या २५६ आणि वेग १४ अब्ज बिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून :

३०६० : १९२ × १५ ÷ ८ = ३६० अब्ज बाइट
३०६० टीआय : २५६ × १४ ÷ ८ = ४४८ अब्ज बाइट

म्हणजे टाकी लहान, पण नळ सुमारे २४ टक्क्यांनी सरस. प्रत्यक्ष खेळांच्या चाचण्यांतही टीआय साधारण पाव हिश्श्याने किंवा थोडे अधिक वेगवान ठरले. आपली आकडेमोड वाया गेली नाही!

मग स्वस्त कार्डाला मोठी टाकी का? स्मृतीच्या प्रत्येक चिपला ३२ वाहिन्या जोडलेल्या असतात. १९२ ला ३२ ने भागा : सहा चिप. त्या एक-एक जीबीच्या घेतल्या तर ६ जीबी होतात, दोन-दोनच्या घेतल्या तर १२. टीआयमध्ये २५६ ÷ ३२ = ८ चिप, एक-एक जीबीच्या; म्हणून ८. तेव्हा या आकड्यांमागे औदार्य किंवा कंजूषपणा नसून साधा भागाकार आहे.

टाकी रिकामी झाली तर?

याचा अर्थ मोठी टाकी निरुपयोगी, असा मात्र करू नका. कामाची सामग्री ८ जीबीत मावली नाही, तर उरलेली संगणकाच्या मुख्य स्मृतीतून आणावी लागते. ज्या खाचेत कार्ड बसवतात तिच्यातून एका दिशेने सेकंदाला फार तर ३२ अब्ज बाइट येतात. ४४८ भागिले ३२ म्हणजे १४. चौदा पट मंद! घरचा नळ बंद पडून टँकरची वाट पाहावी, तशी त्या वेगवान कोअरची स्थिती होते. मोठी त्रिमितीय दृश्ये किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेची मोठी प्रारूपे हाताळताना असे घडते. तेथे ३०६० बाजी मारू शकते.

आणखी एक सावधगिरी. ही रीत एकाच घराण्यातल्या कार्डांना छान लागू पडते. घराणे बदलले की फसवू शकते. २०१७ साली आलेल्या एएमडीच्या 'व्हेगा ६४' ची क्षमता १२.७ लाख कोटी क्रिया होती. २०१६ च्या एन्व्हिडिया 'जीटीएक्स १०८०' ची ८.९ लाख कोटी. तरी त्या काळच्या खेळांत दोघे जवळपास बरोबरीचे ठरले. कारण हा गुणाकार कमाल क्षमता सांगतो. सर्व कोअरना सतत काम पुरवता येते की नाही, हे तो सांगत नाही. तेथे प्रत्यक्ष चाचणी हाच खरा निकष. भौतिकशास्त्रात तरी दुसरे काय असते?

त्या विद्यार्थ्याला मी उलट विचारले, "तू या कार्डावर काम कोणते करणार?" खरेदीची सुरुवात या प्रश्नापासून व्हायला हवी.

आता तुमच्यासाठी एक उदाहरण. २०२२ साली '३०६०' याच नावाने ८ जीबीचे आणखी एक कार्ड आले. कोअर तितकेच, ३५८४. प्रत्येक वाहिनीचा वेगही १५ अब्ज बिट. मात्र वाहिन्या १२८. त्याच्या नळाचा प्रवाह किती, स्मृतीच्या चिप किती, आणि प्रत्येक चिप किती जीबीची? कागद-पेन्सिल घ्या आणि काढा. मग सांगा, खोक्यावरचे नाव वाचून कार्ड ओळखता येते का?