न केलेल्या गुन्ह्याची कबुली

डीएनए चाचणी म्हटलं की आपल्याला आठवतो पकडला गेलेला गुन्हेगार. पण गुन्ह्याच्या तपासात ही चाचणी जगात पहिल्यांदा वापरली गेली, तेव्हा तिने आधी एका निरपराध पोराला सोडवलं. आणि गंमत म्हणजे तो स्वतःच गुन्हा कबूल करून बसला होता!

या गोष्टीची सुरुवात होते सील नावाच्या समुद्री प्राण्याच्या मांसापासून. इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात अ‍ॅलेक जेफ्रीज हे संशोधक स्नायूंत प्राणवायू साठवणाऱ्या प्रथिनाचं जनुक शोधत होते. सील खोल बुड्या मारतो, त्यामुळे त्याच्या स्नायूंत हे प्रथिन खच्चून भरलेलं असतं. सीलवरून ते माणसाच्या जनुकाकडे वळले आणि तिथे त्यांना एक अजब तुकडा सापडला. डीएनएची तीच ती अक्षरं, पुन्हा पुन्हा. भजनात एखादा बुवा ध्रुपद चारदा घोळवतो, दुसरा दहादा. तशी ही आवर्तनं माणसागणिक कमीजास्त. १० सप्टेंबर १९८४ च्या सकाळी जेफ्रीज यांनी एक्स-रे फिल्म धुऊन पाहिली. तिच्यावर एका कुटुंबातल्या माणसांच्या डीएनएच्या पट्ट्या उमटल्या होत्या, शिवाय काही प्राण्यांच्या आणि चक्क तंबाखूच्या रोपाच्याही. पट्ट्या धूसर होत्या, पण प्रत्येकाच्या वेगळ्या. मुलाच्या पट्ट्यांत काही आईच्या, उरलेल्या वडिलांच्या.

लेस्टरजवळच नारबरो आणि एंडरबी ही शेजारशेजारची गावं आहेत. १९८३ मध्ये आणि पुन्हा १९८६ मध्ये तिथे पंधरा वर्षांच्या एकेका मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला. दुसऱ्या खुनानंतर पोलिसांनी सतरा वर्षांच्या एका मुलाला धरलं. बुद्धीने जरा मागे असलेला हा मुलगा एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काम करायचा. चौकशीत त्याने दुसरा खून कबूल केला, पहिला मात्र नाही. पोलिसांना वाटलं, दोन्ही यानेच केले; विज्ञानाने तेवढं सिद्ध करून द्यावं, म्हणून ते जेफ्रीज यांच्याकडे गेले.

दोन्ही मुलींच्या देहावर सापडलेलं वीर्य एकाच पुरुषाचं निघालं. तो पुरुष हा मुलगा नव्हता. जेफ्रीज यांना आधी आपलं तंत्रच चुकलं असं वाटलं! सरकारी प्रयोगशाळेने फेरतपासणी केली, निकाल तोच. नोव्हेंबर १९८६ मध्ये मुलगा सुटला. मग परिसरातल्या पाच हजारांहून जास्त पुरुषांनी रक्त तपासायला दिलं, तरी कुणी सापडेना. कारण कॉलिन पिचफोर्क नावाच्या बेकरी कामगाराने आपल्या जागी एका सहकाऱ्याला पाठवलं होतं. त्या सहकाऱ्याने पबमध्ये गप्पांच्या ओघात हे बोलून टाकलं, ते पोलिसांच्या कानावर गेलं, आणि इतकं अद्भुत तंत्र हाताशी असूनही गाडी पुढे सरकली ती चहाडीमुळे. पिचफोर्कला १९८८ मध्ये जन्मठेप झाली.

पण न केलेला खून कुणी कबूल का करेल? सॉल कॅसिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थी संगणकावर अक्षरं टाइप करत होते. ‘ऑल्ट’ कळीला हात लावू नका, अशी त्यांना ताकीद होती. मध्येच संगणक बंद पडायचा आणि आळ विद्यार्थ्यावर यायचा. कळ कुणीच दाबलेली नव्हती, तरी ६९ टक्क्यांनी कबुलीवर सही केली. कामाचा वेग जास्त आणि ‘मी पाहिलं’ म्हणणारा खोटा साक्षीदार हजर, अशा गटात तर सगळ्यांनीच. त्यातल्या काहींना ते खरंही वाटलं. कळ कशी दाबली गेली याचे तपशीलही त्यांनी रचून सांगितले. हे सगळं खोलीतल्या एका संगणकासाठी! अमेरिकेत २०२० पर्यंत डीएनएमुळे निर्दोष ठरलेल्या ३७५ जणांपैकी २९ टक्के प्रकरणांत खोटा कबुलीजबाब होता.

मला याहून थक्क करतो तो आपला जुना कायदा. पोलिसांपुढची कबुली इंग्लंडच्या न्यायालयात पुरावा म्हणून चालायची. त्याच इंग्रजांनी भारतासाठी १८७२ चा पुरावा कायदा केला, आणि त्यात पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध वापरायला कलम २५ ने चक्क मनाई केली. अपवाद एवढाच की आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी जोडलेला भाग चालतो. आपल्या इथल्या पोलिसांची इंग्रजांना पुरती ओळख होती, असं म्हणायला हरकत नाही. २०२३ चा नवा कायदाही ही मनाई पाळतो.

महाराष्ट्रात मात्र १९९९ पासून संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या मोक्का कायद्याने एक दार उघडलं: अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली चालते. २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोट खटल्यात अशाच कबुल्यांचा मोठा आधार होता. २०१५ मध्ये बारा जण दोषी ठरले, पाच जणांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. कबुल्या छळ करून घेतल्याचं न्यायालयाने मान्य केलं. शिवाय वेगवेगळ्या आरोपींच्या कबुल्यांतले काही भाग एकमेकांसारखेच असल्याचं दाखवून दिलं. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने, हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असा आदेश दिला. सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात पाठवलं नाही. एव्हाना त्यांच्या अटकेला एकोणीस वर्षं होत आली होती, आणि बारांपैकी एक जण २०२१ मध्येच तुरुंगवासात वारला होता.