हलका बाण, जड शहाणपण

लग्नाचा मुहूर्त, दिवाळीचा फराळ आणि धनुष्याचा बाण या तीन गोष्टी माणसाने स्वतःच्या अकलेने ठरवू नयेत, असे माझे ठाम मत झाले आहे. पहिल्या दोन बाबतींत आमच्या घरी मला कोणी विचारतच नाही. तिसऱ्या बाबतीत मी कोणाला विचारले नाही, आणि फसलो!

शाळेच्या नोकरीसाठी कुरखेड्याला असताना शेजारच्या एका गोंड आजोबांनी मला बांबूचे धनुष्य करून दिले. सती नदीच्या पात्रात मी आणि आमचा बाळू गवताच्या पेंढीवर नेम धरू लागलो. आजोबांचे बाण मला जड वाटले. हलका बाण लांब जाणार, हे गणित शाळामास्तराला कोणी शिकवायचे? मी लोखंडी पाते काढून टाकले, बारीक बोरूचे बाण केले. पहिले चार-पाच सणसणत गेले. पुढच्याला कडकन आवाज झाला, धनुष्याचा वरचा हात चिरला आणि त्याची कपची बाळूच्या भुवईत घुसली. अर्धे बोट खाली असती, तर डोळाच गेला असता!

आजोबांनी मोडके धनुष्य पाहिले, बाण तळहातावर तोलला आणि एवढेच म्हणाले, "गुरुजी, बान हलका झाला का मार धनुष्यच खाते."

वाचकहो, सगळे शास्त्र या वाक्यात आहे. चेंडूऐवजी पीस घेऊन ते सर्व ताकदीनिशी फेकून पाहा. पीस जागीच राहील आणि हिसका खांद्याला बसेल. ताणलेल्या धनुष्यातली काही शक्ती बाण घेतो, उरलेली धनुष्याच्या हातांत आणि दोरीतच राहते. बाणाबरोबर जणू एक ठरावीक अदृश्य ओझेही पळत असते, असा हिशेब अमेरिकन शास्त्रज्ञ क्लॉपस्टेग यांनी 1943 साली मांडला. म्हणून बाण निम्म्या वजनाचा केला, तरी वेग दुप्पट होत नाही. धनुष्याचे हाल मात्र वाढतात. बाण न लावता दोरी सोडणे तर सर्वांत वाईट.

मग वजन किती हवे? जुन्या धाटणीच्या धनुष्याला ताणाच्या दर रत्तलामागे 8 ते 10 ग्रेन, असा तिरंदाजांचा ढोबळ नियम आहे. स्प्रिंगच्या काट्याला दोरी अडकवून मी दुसरे धनुष्य ओढले. ताण भरला 18 किलो, म्हणजे सुमारे 40 रत्तल. त्याला बाण हवा 21 ते 26 ग्रॅमचा. सोनाराच्या तराजूवर माझा बोरू भरला 12 ग्रॅम, आणि आजोबांचा बाण 24! त्यांनी तो कोणत्याही तराजूवर घातला नव्हता. बाण फार जड केला तर मात्र तो लवकर खाली झुकतो. मधला तोल हातालाच कळावा लागतो.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली, ते योग्यच झाले. पण शिकारीबरोबर हा तोलही हरवायला नको. बांबूच्या धनुष्याची 'इंडियन राउंड' ही स्पर्धा 50 आणि 30 मीटरांवर होते; तिथे या विद्येला अजून जागा आहे.

बाळूच्या भुवईवरचा व्रण अजून दिसतो. दर दिवाळीला ओवाळताना त्याची आई त्या व्रणाकडे पाहते, आणि मग माझ्याकडे. मी मुकाट्याने करंजी खातो.