कानअळंबी : पोषणमूल्य, पाकप्रक्रिया आणि भिजवणीचा प्रश्न

प्रस्तावना :

मे २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस या आजाराचे रुग्ण महाराष्ट्रात मोठ्या संख्येने आढळले आणि 'काळी बुरशी' अर्थात 'ब्लॅक फंगस' हा शब्द घरोघरी पोहोचला. याच 'ब्लॅक फंगस' नावाने एक वाळवलेला खाद्यपदार्थ चिनी जिन्नस ठेवणाऱ्या दुकानांतून विकला जातो. उपाहारगृहातील 'हॉट अँड सावर' सूपमध्ये काळपट, लवचिक व दाताखाली किंचित करकरणाऱ्या ज्या पट्ट्या आढळतात, त्या याच पदार्थाच्या होत. आजार निर्माण करणारी बुरशी आणि ही खाद्य अळंबी यांच्यात नावापलीकडे कोणताही संबंध नाही. दोहोंचे जीवशास्त्रीय गटही भिन्न आहेत.

नावाविषयीचा हा गैरसमज सहज दूर करता येतो. परंतु या अळंबीच्या पोषणमूल्याविषयीचे आणि ती भिजविण्याविषयीचे गैरसमज अधिक खोलवर रुजलेले असून त्यांचे परिणामही अधिक गंभीर आहेत. त्यांचा परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. इंग्रजीतील 'वुड इअर' या नावासाठी येथे 'कानअळंबी' हा शब्द योजला आहे.

उद्दिष्टे :

१) कानअळंबीची ओळख व तिच्या वापराची पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२) आहारघटक तक्त्यांतील आकड्यांचा ताटातील प्रत्यक्ष प्रमाणाशी संबंध तपासणे.
३) भिजविणे व उकळणे या क्रियांचे पोषण व सुरक्षितता या दोन्ही दृष्टींनी महत्त्व विशद करणे.

प्रस्तुत विवेचन दुय्यम साधनांवर, म्हणजे प्रसिद्ध आहारघटक तक्ते व प्रकाशित अभ्यास यांवर आधारलेले आहे.

ओळख व पार्श्वभूमी :

कानअळंबीच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव 'ऑरिक्युलॅरिया' असे असून ते कान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे. ही अळंबी मृत लाकडावर वाढते व तिचा आकार कानाच्या पाळीसारखा असतो. चिनी भाषेत तिला 'मुअर' म्हणजे 'लाकडाचा कान' म्हणतात, तर मणिपूरमध्ये ती 'उचिना' म्हणजे 'उंदराचा कान' या नावाने ओळखली व खाल्ली जाते. परस्परांपासून दूर असलेल्या लोकांना एकाच वस्तूत कानच दिसावा, ही बाब लक्षणीय आहे. जपानी लोकांना मात्र तिच्यात समुद्रातील जेलीफिश दिसला. 'किकुरागे' या जपानी नावाचा अर्थ 'झाडावरचा जेलीफिश' असा आहे.

चीनमध्ये लागवड होणारी काळी कानअळंबी म्हणजे युरोपातील 'ऑरिक्युलॅरिया ऑरिक्युला-ज्युडी' हीच जात होय, असे दीर्घकाळ मानले जात होते. २०१४ मध्ये चिनी संशोधकांनी ती स्वतंत्र जात असल्याचे दाखवून तिला 'ऑरिक्युलॅरिया हाइमुअर' असे नाव दिले. बाजारात मिळणारी दुसरी जात 'ऑरिक्युलॅरिया कॉर्निया' ही होय. ती अधिक जाड असून तिच्या एका बाजूवर मखमली लव असते. मानवाने लागवडीखाली आणलेल्या अळंब्यांमध्ये कानअळंबी सर्वांत जुनी मानली जाते. तिच्या लागवडीचा आरंभ चीनमध्ये इ. स. ६०० च्या सुमारास झाला असे मानतात. पूर्वी ती ओकसारख्या झाडांच्या ओंडक्यांवर घेतली जात असे, आता लाकडाच्या भुशाने भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर घेतली जाते. भारतात सोलन येथील अळंबी संशोधन संचालनालयाने तिच्या लागवडीचे तंत्र विकसित केले आहे.

पोषणमूल्य : वाळलेले आकडे आणि ओले ताट

कानअळंबीच्या पेशीभित्तिकांत व त्यांभोवतीच्या द्रव्यात पाणी धरून ठेवणाऱ्या बहुशर्करांचे प्रमाण मोठे असते. त्यामुळे ती वाळली की कागदासारखी ठिसूळ होते आणि पाण्यात टाकली की पुन्हा फुगते. पोषणविषयक गोंधळाचे मूळ या गुणधर्मातच आहे. अमेरिकी कृषी विभागाच्या तक्त्यांतील पुढील आकडे पाहावेत.

तक्ता क्र. १ : दर १०० ग्रॅममधील प्रमाण

| घटक | वाळलेली | ओली |
|---|---|---|
| ऊर्जा (किलोकॅलरी) | २८४ | २५ |
| प्रथिने (ग्रॅम) | ९.२५ | ०.४८ |
| स्निग्ध पदार्थ (ग्रॅम) | ०.७३ | ०.०४ |
| कर्बोदके (ग्रॅम) | ७३.०१ | ६.७५ |
| कॅल्शियम (मिलिग्रॅम) | १५९ | १६ |
| लोह (मिलिग्रॅम) | ५.८८ | ०.५६ |

दोन्ही नमुने तंतोतंत एकाच जातीचे नाहीत. तथापि वाळलेल्या अळंबीतील बहुतेक घटक ओल्या अळंबीत सुमारे दहाव्या हिश्शावर येतात, ही गोष्ट तक्त्यावरून स्पष्ट होते. ओल्या अळंबीत ९२ टक्क्यांहून अधिक पाणीच असते. एका व्यक्तीच्या ताटात साधारणतः १० ग्रॅम वाळलेली अळंबी, म्हणजे भिजल्यानंतर सुमारे १०० ग्रॅम, येते. त्यातून एक ग्रॅमही प्रथिने मिळत नाहीत. म्हणून 'प्रथिनांचा उत्तम स्रोत' हे पाकिटांवरील व लेखांतील विधान स्वीकारता येत नाही.

लोहाचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत. अशा परिस्थितीत एखाद्या पदार्थाला 'लोहाचा खजिना' म्हणणे ही जबाबदारीची बाब ठरते. कानअळंबीविषयी हा दावा चिनी आहारघटक तक्त्याच्या आधारे केला जातो. त्या तक्त्यात १०० ग्रॅम वाळलेल्या अळंबीत ९७.४ मिलिग्रॅम लोह नोंदविले आहे. अमेरिकी तक्त्यात हाच आकडा ५.८८ आहे. दोहोंत सोळा पटींहून अधिक तफावत आहे. अळंबी ज्या माध्यमावर वाढते त्यातील खनिजे ती शोषून घेते. शिवाय जात, वाळविण्याची पद्धत व चिकटलेली धूळ यांचाही परिणाम आकड्यांवर होतो. त्यामुळे एका तक्त्यातील एका आकड्यावर आहारसल्ला उभारणे योग्य नव्हे.

त्याच चिनी तक्त्यात भिजविलेल्या अळंबीसाठी १०० ग्रॅमला ५.५ मिलिग्रॅम लोह दिले आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढ स्त्रीसाठी दैनंदिन २९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस केली आहे. चिनी आकडा धरला तरी ताटातील अळंबीतून या गरजेचा पाचवा हिस्सा भागतो, तर अमेरिकी आकडा धरल्यास केवळ दोन टक्के. त्यातही हे वनस्पतिज अन्नातील लोहाप्रमाणे 'नॉन-हीम' स्वरूपाचे असल्याने त्याचे शोषण कमी होते. सबब, रक्तक्षयावरील उपाय म्हणून कानअळंबीची शिफारस करता येत नाही.

मग या अळंबीचे खरे मूल्य कशात आहे? ते तंतुमय पदार्थांत आहे. अमेरिकी तक्त्यानुसार १०० ग्रॅम वाळलेल्या अळंबीत ७०.१ ग्रॅम तंतू असतात. याचा अर्थ, १० ग्रॅम अळंबीतून सुमारे सात ग्रॅम तंतू मिळतात, तेही अत्यल्प स्निग्धांश व ऊर्जेसह. तसेच तिच्यात अर्गोस्टेरॉल हे द्रव्य असते. त्यावर सूर्यप्रकाशातील अतिनील किरण पडल्यास त्याचे ड-२ जीवनसत्त्वात रूपांतर होते. म्हणून उन्हात वाळविलेली अळंबी या दृष्टीने सरस ठरते.

येथे एका वेगळ्या निरीक्षणाचाही उल्लेख आवश्यक आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील डेल हॅमरश्मिट यांना रक्ताच्या एका नमुन्यात रक्तबिंबिका नेहमीप्रमाणे एकत्र गोळा होत नसल्याचे आढळले. शोध घेता त्या व्यक्तीने कानअळंबी असलेला सेचवान पद्धतीचा पदार्थ खाल्ल्याचे निष्पन्न झाले. हे निरीक्षण १९८० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाले. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्या व्यक्तींनी ही अळंबी नियमित खाण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घेणे त्यामुळे इष्ट ठरते.

पाकप्रक्रिया :

कानअळंबीला स्वतःची चव जवळजवळ नसते. ती खाल्ली जाते ती पोतासाठी. सहाव्या शतकात ज्या सशिए यांनी लिहिलेल्या 'छीमिन याओशू' या चिनी कृषिग्रंथात तिची एक पाककृती आढळते. तीत अळंबीला पाच उकळ्या आणून तिचा उग्र रस काढून टाकण्यास, नंतर थंड पाण्यात स्वच्छ धुण्यास आणि बारीक चिरून कोथिंबीर, पातीचा कांदा, आले, मिरे व आंबट रस यांनी सिद्ध करण्यास सांगितले आहे. आजच्या चिनी घरांतील थंड कानअळंबीची पद्धत याहून फारशी वेगळी नाही आणि ती आपल्या कोशिंबिरीशी नाते सांगणारी आहे. दोन व्यक्तींसाठी तिची कृती पुढीलप्रमाणे :

१) २० ग्रॅम वाळलेली अळंबी पाण्याने खळबळून घ्यावी. ती सुमारे दहापट फुगत असल्याने मोठे पातेले घ्यावे.
२) कोमट पाण्यात अर्धा तास किंवा थंड पाण्यात एक ते दोन तास भिजवावी.
३) लाकडाला चिकटलेला कठीण देठ कापून टाकावा आणि घड्यांतील रेती निघेपर्यंत वाहत्या पाण्यात धुवावी.
४) खळखळ उकळत्या पाण्यात तीन ते पाच मिनिटे शिजवावी, नंतर थंड पाण्यात काढून निथळावी.
५) दोन चमचे व्हिनेगर, एक चमचा सोया सॉस, ठेचलेला लसूण, मिरची, कोथिंबीर, चिमूटभर साखर व थोडे तिळाचे तेल घालून लगेच वाढावी.

भिजवणीतील धोका :

आपल्याकडे मटकी, हरभरा, वाटाणे रात्री भिजत घालून सकाळी शिजविण्याची रीत आहे. हीच सवय कानअळंबीच्या बाबतीत घातक ठरू शकते. फुगलेली अळंबी उबदार हवेत दीर्घकाळ पाण्यात राहिल्यास तिच्यात 'बर्कहोल्डेरिया ग्लॅडिओली' या जिवाणूचा एक प्रकार वाढू शकतो व तो बाँगक्रेकिक आम्ल नावाचे विष तयार करतो. हे नाव इंडोनेशियातील नारळाच्या चोथ्यापासून केलेल्या 'टेम्पे बाँगक्रेक' या पदार्थावरून पडले आहे. त्या पदार्थाने तेथे वारंवार बळी घेतले व १९८८ मध्ये त्याच्यावर बंदी आली. जानेवारी २०१५ मध्ये मोझांबिकमध्ये मक्याच्या पिठापासून केलेल्या मद्यातून याच विषाने ७५ जण दगावले. ऑक्टोबर २०२० मध्ये चीनच्या हैलोंगज्यांग प्रांतात मक्याच्या आंबविलेल्या शेवयांतून नऊ जणांचा मृत्यू झाला. दीर्घकाळ भिजलेल्या कानअळंबीमुळे विषबाधा झाल्याची प्रकरणेही चीनमध्ये नोंदविली गेली आहेत.

हे विष पेशींतील ऊर्जानिर्मितीच्या केंद्रांतून ऊर्जा बाहेर पडण्याची वाटच बंद करते. परिणामी यकृत, मेंदू व मूत्रपिंड निकामी होऊ शकतात. त्याला रंग, वास वा चव नाही, त्यावर विशिष्ट उतारा नाही आणि ते शिजविल्याने नष्ट होत नाही.

याउलट, २०२० मध्ये अमेरिकेत आयात केलेल्या वाळलेल्या कानअळंबीतून साल्मोनेला जिवाणूचा संसर्ग १२ राज्यांतील ५५ व्यक्तींना झाला, तेव्हा तेथील अन्न व औषध प्रशासनाने उपाहारगृहांना अळंबी उकळत्या पाण्यातच भिजविण्याचा सल्ला दिला. साल्मोनेला हा जिवंत जिवाणू उष्णतेने मरतो. परंतु एकदा तयार झालेले बाँगक्रेकिक आम्ल उष्णतेला दाद देत नाही. हा भेद समजून घेणे अत्यंत आवश्यक आहे. 'नीट उकळले की सर्व दोष जातात' ही आपली पारंपरिक धारणा येथे अर्धीच खरी ठरते. जिवाणूंवर उपाय उष्णतेचा, तर विषावर उपाय केवळ वेळेच्या मर्यादेचा आहे.

म्हणून अळंबी लागेल तेवढीच भिजवावी. भिजवणीचा काळ दोन तासांपेक्षा अधिक असल्यास पातेले शीतकपाटात ठेवावे. रात्रभर बाहेर राहिलेली अळंबी वास न घेता, चव न पाहता टाकून द्यावी. विषाला वासच नसल्याने नाकाची परीक्षा येथे निरुपयोगी आहे.

निष्कर्ष :

१) कानअळंबी व म्युकरमायकोसिसची 'काळी बुरशी' यांचा परस्परांशी संबंध नाही.
२) वाळलेल्या अळंबीचे आकडे ताटातील ओल्या अळंबीला लावणे चुकीचे आहे. तिला प्रथिने वा लोहाचा प्रमुख स्रोत म्हणता येत नाही. तिचे खरे योगदान तंतुमय पदार्थांचे आहे.
३) भिजवणीचा काळ मर्यादित ठेवणे व त्यानंतर उकळणे, या दोन्ही क्रिया आवश्यक आहेत. एक दुसरीची जागा घेऊ शकत नाही.

गृहविज्ञान, वनस्पतिशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्र या विषयांच्या अध्यापकांना ही एक अळंबी एकत्र आणू शकते. विद्यार्थ्यांना १० ग्रॅम अळंबी तोलून, भिजवून पुन्हा तोलावयास लावली, तरी आहारतक्ता कसा वाचावा हा धडा त्यांच्या कायमचा लक्षात राहील. भिजत घालताना घड्याळाकडे का पाहावे, हे त्याच तासिकेत सांगता येईल, आणि त्या माहितीने एखाद्या घरातील अनर्थ टळू शकेल.